शाळेची कमिटी पालक सभेतच निवडा: जिल्हा परिषद शाळेच्या पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी

जुलै महिना, खुरपणीची घाई, बुधवारी सकाळी अकराची वेळ. शाळेच्या ओट्यावर अकरा बाप्ये आणि भिंतीला टेकून दोन बाया. गावातल्या एका वजनदार माणसाने खिशातून वहीचं पान काढलं, शाळेच्या कमिटीसाठी नऊ नावं वाचली, "कुणाची हरकत?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता चहा सांगितला. पटावर मुलं होती चौपन्न. मी मुख्याध्यापिका म्हणून त्या शाळेत जूनमध्येच बदलून आले होते. इतिवृत्तात "वरीलप्रमाणे सर्वानुमते निवड करण्यात आली" हे वाक्य मीच लिहिलं, खाली सही माझीच. त्या नऊ जणांपैकी दोघांचं एकही मूल आमच्या शाळेत नव्हतं, हे मला महिनाभराने कळलं.

दोन वर्षांनी त्याच शाळेत आम्ही ही निवड नीट केली, पुढे आणखी दोन शाळांमध्ये केली. निवृत्तीनंतर ओळखीचे शिक्षक आणि पालक फोन करून विचारतात, "बाई, तुम्ही नेमकं कसं केलं होतं?" त्यांच्यासाठी हे सगळं लिहून ठेवते आहे. कागदावरचे नियम चांगले आहेत. पण गावोगावी कमिटी आदल्या रात्री कुणाच्या तरी ओसरीवर ठरते आणि सभेत फक्त वाचून दाखवली जाते. ती खरोखर सभेत ठरावी, यासाठी काय काय करायचं ते पुढे आहे.

नियम काय सांगतो

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आपण जिला कमिटी म्हणतो ती शाळा व्यवस्थापन समिती त्याच्या कलम २१ मधून आली. विनाअनुदानित शाळा सोडून बाकी प्रत्येक शाळेत ती हवी. खाजगी अनुदानित शाळांमध्ये मात्र २०१२ च्या दुरुस्तीनंतर तिचं काम सल्ला देण्यापुरतं आहे. म्हणजे समितीच्या हातात खरे अधिकार आहेत ते जिल्हा परिषद, नगरपालिका अशा शाळांमध्ये. म्हणून हा लेख त्या शाळांपुरता.

आपल्या राज्यात समितीची रचना १७ जून २०१० च्या शासन निर्णयाने ठरली. मुख्याध्यापक सोडून १२ ते १६ सदस्य. त्यातले किमान ७५ टक्के पालक, आणि त्यांची निवड पालक सभेतून. उरलेल्यांत ग्रामपंचायतीचा एक निवडून आलेला सदस्य, शिक्षकांनी निवडलेला एक शिक्षक आणि पालकांनी निवडलेला एक स्थानिक शिक्षणतज्ज्ञ किंवा बालविकासतज्ज्ञ. एकूण सदस्यांत निम्म्या महिला. उपेक्षित गटातल्या आणि दुर्बल घटकातल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. साधारणपणे प्रत्येक इयत्तेच्या पालकांना प्रतिनिधित्व. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालक सदस्यांमधूनच. मुख्याध्यापक पदसिद्ध सदस्य-सचिव. दोन विद्यार्थीही समितीत बसतात, त्यात किमान एक मुलगी. दर दोन वर्षांनी समिती नव्याने बनवायची.

आधीच्या काळात ग्रामशिक्षण समिती होती आणि तिच्यावर ग्रामपंचायतीचा वरचष्मा असायचा. नव्या कायद्याने पारडं मुद्दाम पालकांकडे झुकवलं. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, माजी विद्यार्थी, देणगीदार या सगळ्यांबद्दल मला आदर आहे. पण शाळेत स्वतःचं मूल नसेल, तर पालकांच्या जागेवर त्यांना बसता येत नाही. हे पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलावं. उशिरा बोललं की ते कुणाच्या तरी विरोधात बोलल्यासारखं वाटतं.

पहिलं काम: सभा कधी ठेवायची

तारखेवरच निम्मी निवड ठरते. जूनच्या मध्याला शाळा उघडते (विदर्भात थोडी उशिरा), पहिलीचे प्रवेश पक्के व्हायला जुलै उजाडतो. त्यामुळे जुलैअखेर ते ऑगस्ट हा काळ मला सगळ्यात बरा वाटतो. पंधरा ऑगस्टला मात्र ही सभा उरकू नका. त्या दिवशी ग्रामसभा असते, गर्दी असते, मिरवायचं असतं. पालकांची सभा त्यात कुठे विरघळून जाते, कळतही नाही.

मराठवाड्यात आणि नगर-बीडच्या पट्ट्यात तर तारीख पाहावीच लागते. ऊसतोडीची माणसं दिवाळीच्या मागेपुढे कारखान्यांवर जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत गावात नसतात. नोव्हेंबर किंवा जानेवारीत समिती बनवली, तर ज्यांच्या मुलांची शाळा बुडायची भीती सगळ्यात जास्त, नेमके तेच पालक बाहेर राहतात. मागच्या समितीची मुदत अशा वेळी संपत असेल, तर पुढच्या समितीची तयारी दसऱ्याच्या आतच करा.

वेळही तितकीच महत्त्वाची. सकाळी अकराला मजुरीवर जाणारी बाई येऊच शकत नाही, आली तर तिचा दिवसाचा रोज बुडतो. आम्ही संध्याकाळी सहा ठेवली. बाया शेतातून आलेल्या असतात, धारा निघायच्या असतात, पण तासाभरासाठी येतात. आठवडी बाजाराचा दिवस टाळा. शाळेत विजेचा भरवसा नसेल तर दोन बॅटऱ्या आणून ठेवा.

दुसरं काम: पालकांची यादी

हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढचे सगळे वाद इथेच मिटतात. प्रत्येक वर्गाचा हजेरीपट घ्या आणि मुलागणिक लिहा: मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, सध्या मूल कुणाजवळ राहतं, घर कुठल्या वस्तीवर.

"सध्या मूल कुणाजवळ राहतं" हा रकाना सोडू नका. कायद्यात आई-वडिलांबरोबर, मुलाचा प्रत्यक्ष सांभाळ करणारा पालकही धरलेला आहे. सावत्र आणि दत्तक आई-वडीलही आले. आई-वडील पुण्या-मुंबईला कामाला आणि मूल आजीपाशी, अशी किती घरं आहेत! दप्तर भरणारी, ताप आला की दवाखान्यात नेणारी ती आजी असेल, तर सभेत बसायचा आणि निवडून यायचा तिला हक्क आहे. आमच्या तिसरीच्या वर्गात अशा तीन आज्या निघाल्या. तोवर त्यांना कुणी सभेला बोलावलंच नव्हतं.

वीटभट्टीवरची, मेंढपाळांची, पालावरची मुलं पटावर असतील तर त्यांचे पालकही यादीत येतात. "ते काय, चार महिन्यांनी जाणार" असं म्हणून त्यांना गाळू नका.

यादी तयार झाली की सभेच्या किमान आठ दिवस आधी शाळेच्या दर्शनी भिंतीवर लावा. कुणाचं नाव राहिलं असेल ते तिथे कळतं आणि सभेत "तुम्ही कोण?" असा अपमान होत नाही. मताचा हिशोबही इथेच मिटवा. आई आणि वडील दोघांनी मत द्यायचं की घरातून एकाने? दोन मुलं दोन वर्गांत असतील तर काय? जे ठरेल ते यादीच्या खाली लिहा. आम्ही "ज्या वर्गात मूल, त्या वर्गात घरटी एक मत, आणि आई हजर असेल तर ते आईचं" असं ठरवलं होतं. तुम्ही वेगळं ठरवू शकता. फक्त ते निवडीच्या आधी ठरलेलं आणि सगळ्यांना माहीत असलेलं हवं.

तिसरं काम: जागांचा तक्ता

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक शाळा हेच गाळतात. जागा आधी ठरल्या नाहीत की नावं आधी ठरतात, आणि मग "महिला कमी पडल्या" म्हणून शेवटी कुणाच्या तरी बायकोचं नाव घुसवलं जातं.

आमच्याच शाळेचं उदाहरण घ्या. पट ५४. पहिलीत १२, दुसरीत १४, तिसरीत १३, चौथीत १५. आम्ही १२ जणांची समिती धरली. तिचे ७५ टक्के म्हणजे ९ पालक. उरलेले तीन म्हणजे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक, शिक्षणतज्ज्ञ. बेरीज नेमकी बारा. सोळाची समिती घेतली तर पालक १२ आणि इतर ४ होतात. लहान गावात सोळा माणसं दर महिन्याला जमवणं अवघड जातं, म्हणून माझा कल बाराकडे आहे.

चार इयत्तांना दोन-दोन जागा दिल्या की आठ झाल्या. नववी जागा कुठे द्यायची? आम्ही पहिलीला दिली, कारण त्यांची मुलं शाळेत पुढे सर्वांत जास्त वर्षं राहणार.

आता महिला. बारापैकी निम्म्या म्हणजे ६. ग्रामपंचायत कुणाला पाठवेल ते आपल्या हातात नाही, शिक्षक कदाचित पुरुष असेल, तज्ज्ञही. म्हणून त्या तिघांवर विसंबू नका. सहाही जागा पालकांमध्येच राखून ठेवा: प्रत्येक वर्गात किमान एक आई, म्हणजे चार, पहिलीची वाढीव जागा आईची, पाच, आणि दुसरीच्या दोन्ही जागा आयांच्या, सहा. वर्ग कुठला हे तुम्ही ठरवा, पण सभेच्या आधी ठरवा.

मग सामाजिक प्रमाण. आमच्या ५४ मुलांत १२ अनुसूचित जातीची आणि ६ अनुसूचित जमातीची होती. मिळून १८, म्हणजे तिसरा हिस्सा. नऊचा तिसरा हिस्सा तीन. म्हणून किमान तीन जागा त्या घरांच्या. विमुक्त-भटक्या जमातींची, इतर मागास घरांची, दिव्यांग मुलं, अगदी गरीब घरं यांचाही हिशोब असाच करायचा. अपूर्णांक आला तर वरचा आकडा धरा. पावणेदोन आले की दोन. एका जागेने इतरांचं काही बिघडत नाही, पण गावकुसाबाहेरच्या वस्तीला शाळा आपलीही आहे असं वाटतं. दोन्ही बाजू पाहिल्यात म्हणून हे ठामपणे सांगते आहे.

एक फसगत मी स्वतः अनुभवली आहे. चौथीपर्यंतच्या शाळेत चौथीतल्या मुलाचे वडील अध्यक्ष झाले. हुशार, कामाचा माणूस. पण जून उजाडला, मुलगा पाचवीला दुसऱ्या शाळेत गेला, आणि पालक म्हणून त्यांचा समितीत बसायचा आधारच गेला. बँकेत सही त्यांची, आणि ते आता सदस्यच नाहीत. पुढचे चार महिने आम्हाला खडू आणायलाही स्वतःच्या खिशात हात घालावा लागला. तेव्हा शेवटच्या वर्गाला जागा जरूर द्या, पण अध्यक्ष पहिली-दुसरीतल्या मुलाचे पालक असावेत. सातवी-आठवीपर्यंतच्या शाळेतही हाच हिशोब.

तक्ता मोठ्या कार्डशीटवर लिहा आणि यादीशेजारी लावा. लोक तो वाचतात. पानपट्टीवर त्याची चर्चा होते, आणि व्हायलाच हवी.

चौथं काम: निरोप

नोटीस साधी लिहा. आमची अशी होती:

"सर्व पालकांना कळवण्यात येते की शाळेची नवीन व्यवस्थापन समिती निवडण्यासाठी पालक सभा अमुक तारखेला संध्याकाळी सहा वाजता शाळेत आहे. नऊ पालक निवडायचे आहेत, त्यांत किमान सहा आया. कोणत्या वर्गाला किती जागा आहेत ते शाळेच्या भिंतीवर लावले आहे. आपले मूल या शाळेत शिकते, म्हणून आपण निवड करू शकता आणि स्वतः उभेही राहू शकता. लिहिता-वाचता येणे ही अट नाही. आईने यावे."

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. "पालकांनी उपस्थित राहावे" असं लिहिलं की बापच येतो.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून काम झालं असं समजू नका. तो फोन बहुधा वडिलांच्या नाहीतर मोठ्या भावाच्या खिशात असतो. नोटीस मुलांच्या वहीत लिहून द्या आणि दुसऱ्या दिवशी आईची सही किंवा अंगठा घेऊन यायला सांगा. दवंडी द्या, देवळाच्या भोंग्यावरून सांगा. बचत गटाच्या बैठकीत जाऊन पाच मिनिटं बोला, हे सगळ्यात लागू पडतं. लांबच्या वस्तीवर एकदा स्वतः चालत जा. मी ठाकरवाडीत गेले तेव्हा एक बाई म्हणाली, "बाई, मला सही येत नाही, मी कमिटीत बसून काय करू?" मी विचारलं, "पोरगं घरी येऊन काय सांगतं, शाळेत काय जेवला?" तिने आठवड्याचा सगळा पाढा वाचला. कुठल्या दिवशी डाळ पातळ होती, कुठल्या दिवशी तांदळाला वास येत होता. म्हटलं, "हेच करायचं कमिटीत."

पाचवं काम: सभा

सुरुवातीलाच हजेरी. नाव, मुलाचं नाव, वर्ग, सही किंवा अंगठा. सभेचं अध्यक्षस्थान निवडणुकीला उभ्या नसलेल्या पालकाला द्या. मुख्याध्यापकाने ते स्वतःकडे घेऊ नये. केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे अधिकारी) निरीक्षक म्हणून बोलावलं तर बरंच, आरडाओरडा कमी होतो. आणि आलेले पालक फारच थोडे असतील तर सभा पुढे ढकला. कितीच्या खाली ढकलायची तो आकडाही आधीच ठरवा. आम्ही निम्मी घरं धरली होती. पहिल्या तारखेला तेवढी आली नाहीत, सभा खरंच ढकलली. दुसऱ्या वेळी चाळीसच्या वर माणसं आली, कारण ही निवड आता खरी आहे हे गावाला कळलं होतं.

जागांचा तक्ता मोठ्याने वाचा, मग पालकांना वर्गवार बसवा. पहिलीचे पालक पहिलीच्या वर्गात, दुसरीचे दुसरीच्या. यातच निम्मं काम होतं. पन्नास माणसांपुढे तोंड न उघडणारी बाई दहा-बारा ओळखीच्या आयांमध्ये बोलते. तिथे नावं सुचवायची, सूचक-अनुमोदक लिहायचे. जागांइतकीच नावं आली आणि कुणाची ना नसली, तर बिनविरोध. त्यात काही वाईट नाही. मात्र "बिनविरोध झालीच पाहिजे, गावाची इज्जत आहे" असा दबाव आला तर वाकू नका.

नावं जास्त आली तर मत घ्यावं लागतं. हात वर करायची पद्धत सोपी आहे, पण ज्याच्या शेतात उद्या कामाला जायचं आहे त्याच्यासमोर मजूर बाई हात कुणासाठी वर करणार? म्हणून गुप्त मतदान घ्या. चिठ्ठीवर नाव लिहायला सांगितलं तर न लिहिता येणाऱ्यांची पंचाईत होते. आम्ही चिंचोके वापरले. पहिलीच्या गणितासाठी गोळा केलेले चिंचोके शाळेत असतातच. वर्गात कपाट आडवं सरकवून आडोसा केला. त्यामागे टेबलावर उमेदवारागणिक एकेक रिकामा डबा, झाकणाला चिंचोका जाईल एवढी फट. डब्यावर उमेदवाराच्या मुलाने काढलेलं चित्र चिकटवलं: कुणाचा ट्रॅक्टर, कुणाची गाय, कुणाचं फूल. कोणता डबा कुणाचा हे आधी सगळ्यांना दोनदा दाखवलं. दोन जागा असतील तिथे प्रत्येकाला दोन चिंचोके, पण एका डब्यात एकच टाकायचा. एकेक जण आत जाऊन टाकून यायचा.

मोजणी सगळ्यांसमोर, सतरंजीवर. डबा पालथा करायचा आणि दहा-दहाच्या ओळी मांडायच्या. कुणाला आकडा वाचता येवो न येवो, कुठली ओळ लांब ते दिसतंच. तिसरीच्या वर्गात एका मताने निकाल लागला. हरलेल्या माणसाने स्वतः ओळी पुन्हा मोजल्या आणि "बरोबर आहे" म्हणाला. समान मतं पडली तर दोन नावांच्या चिठ्ठ्या टाकून पहिलीच्या पोराकडून एक उचलायची, हेही आधीच सांगून ठेवा.

राखीव जागेचा क्रम लक्षात ठेवा. वर्गात एक जागा आईची असेल, तर आधी ती भरा, मग खुली. उलटं केलं की पुरुष निवडून येऊन बसतो आणि त्याला उठवायची पाळी येते.

उरलेले तीन सदस्य आणि दोन मुलं

ग्रामपंचायत आपल्या निवडून आलेल्या सदस्यांतून एकाला पाठवते. त्यासाठी ग्रामसेवकांना वेळेत पत्र द्या आणि त्यांच्या ठरावाची प्रत घ्या. शिक्षकाची निवड शिक्षकांनी करायची, आणि दोनशिक्षकी शाळेत तो प्रश्नच येत नाही. शिक्षणतज्ज्ञ मात्र पालक सभेतच निवडायचा असतो, मुख्याध्यापकाने सोयीचं नाव लिहायचं नसतं. निवृत्त गुरुजी चालतील, पण मला अंगणवाडीताई फार उपयोगी वाटल्या. पहिलीत येणारं प्रत्येक मूल त्यांच्या हाताखालून गेलेलं असतं. विद्यार्थी निवडायचं काम मुलांवरच सोडा, तीही चिंचोके टाकतील.

अध्यक्ष निवडताना

निवडून आलेले सदस्य त्याच दिवशी किंवा दोन-चार दिवसांत बसून पालक सदस्यांतून अध्यक्ष आणि उपाध्यक्ष निवडतात. खरी ओढाताण इथे होते, कारण बँकेच्या खात्यावर मुख्याध्यापकांबरोबर अध्यक्षांची सही असते. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषानुसार ३० पर्यंत पटाच्या शाळेला वर्षाला १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार असं शाळा अनुदान असतं. गणवेशासाठी मुलामागे ६०० रुपये. आकडे फार मोठे नाहीत, पण या पैशाचे बिल-पावती बघायचा अधिकार या माणसाकडे असतो.

अध्यक्ष व्हायला तयार असलेल्याला तीन गोष्टी सरळ विचारा. महिन्यातून एकदा बैठकीला याल का? कोऱ्या चेकवर किंवा न वाचता कागदावर सही कराल का? शाळेचं बांधकाम, किराणा, गणवेश शिलाई यांत तुमचा किंवा घरच्यांचा धंदा आहे का? तिसऱ्याचं उत्तर "हो" असेल तर तो माणूस वाईट ठरत नाही, पण अध्यक्षाची खुर्ची त्याच्यासाठी नाही. पोषण आहाराच्या स्वयंपाकी-मदतनीस ताई कुणाच्या घरातल्या आहेत, हेही याच वेळी बोलून घ्या.

बाई अध्यक्ष झाली तर पहिले तीन महिने तिच्या पाठीशी उभं राहावं लागतं. आमच्या अध्यक्षबाईंचे यजमान पहिल्या बैठकीला स्वतःच येऊन खुर्चीत बसले. शिक्षकांपैकी एकाने त्यांना अदबीने सांगितलं, "दादा, तुम्ही बसा ओट्यावर, चहा तिकडेच पाठवतो. बैठक वहिनींची आहे." ते हसले आणि उठले. वर्षाच्या शेवटी बाई प्रत्येक बिल हातात घेऊन "हे कशाचं?" विचारत होत्या. सुरुवातीला त्यांना तेवढा एकच प्रश्न येत होता, आणि तो पुरला.

कागदपत्रं

इतिवृत्त सभेतच लिहा, सभेतच वाचा, सभेतच सह्या घ्या. "उद्या लिहून ठेवते" म्हटलं की त्यात नावं बदलायला रात्र मिळते. कुणाला किती मतं पडली हेही लिहा. हरकत आली असेल तर ती घेणाऱ्याच्या शब्दांत लिहा. यादी, जागांचा तक्ता, नोटीस, हजेरी, ग्रामपंचायतीचा ठराव, हे सगळं एका फाईलला लावा आणि प्रती केंद्रप्रमुखांमार्फत पंचायत समितीत पाठवा. मग सगळ्या सदस्यांची नावं भिंतीवर रंगवा.

बँकेतली सही त्याच आठवड्यात बदला. ठरावाची प्रत, नव्या अध्यक्षांचं आधार, पॅन, फोटो लागतात, आणि बँकेत दोन-तीन हेलपाटे होतातच. जुन्या अध्यक्षांची सही खात्यावर राहिली तर मार्चअखेर आलेला पैसा खर्च न होता परत जातो, आणि वर्षभर मुलं फुटक्या फरशीवर बसतात.

अडचण आली तर

पट अकरा-बारा असेल तर नऊ पालक आणायचे कुठून, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. अशा शाळेत जवळजवळ प्रत्येक घर समितीत येतं, येऊ द्या. निवडणुकीची गरज उरत नाही. सगळी ताकद आया आणि आज्या हजर राहतील यावर लावा, आणि केंद्रप्रमुखांकडून रचनेबद्दल लेखी मार्गदर्शन घेऊन फाईलला लावा.

निवड सभा न घेताच झाली असेल, मूल नसलेली माणसं पालक म्हणून घातली असतील, तर आधी मुख्याध्यापकांशी बोला. बऱ्याचदा तेही दबावाखाली असतात आणि पालकांच्या लेखी अर्जाने त्यांनाच आधार मिळतो. मी त्या खुर्चीत बसलेली आहे. मला त्या बुधवारी दहा आयांचा एक अर्ज मिळाला असता, तर ते वाक्य मी लिहिलं नसतं. तिथे काम झालं नाही तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या, पाच-दहा पालकांच्या सह्यांनी, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. इतिवृत्त दाखवत नसतील तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून सभेची नोटीस, हजेरी आणि इतिवृत्ताची प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात माणसांवर आरोप करू नका. "सभा कोणत्या तारखेला झाली, किती पालक हजर होते, अमुक सदस्याचे कोणते मूल कोणत्या वर्गात आहे" एवढेच तीन प्रश्न विचारा. बहुतेक वेळा तेवढ्यावरच नवी सभा लागते.

निवड झाल्यावरचा पहिला महिना

समितीची बैठक महिन्यातून किमान एकदा. पहिल्या बैठकीत तीनच विषय घ्या: कीर्द (जमाखर्चाची वही) आणि पासबुक उघडून शिल्लक वाचणे, स्वयंपाकाची चव बघायला कोण कोणत्या दिवशी येणार याची पाळी लावणे, आणि शाळेत न येणाऱ्या मुलांची नावं. शाळा विकास आराखडा कलम २२ प्रमाणे समितीनेच करायचा असतो, तो तिसऱ्या-चौथ्या बैठकीत घ्या. आधी सदस्यांना शाळा नीट बघू द्या, मुतारीच्या दारापासून पाण्याच्या टाकीच्या आतपर्यंत.

आणि भिंतीवर सदस्यांची नावं रंगवाल तेव्हा त्याखाली मुदत संपण्याची तारीखही रंगवा. त्या तारखेच्या दोन महिने आधी हजेरीपट काढून नव्या यादीला सुरुवात करा, आणि चिंचोके धुऊन वाळत घाला.